बीसीएमवर आळ घेण्याआधी

अगं, आज पहिलं काम हे कर. त्या गॅरेजला फोन लाव आणि सांग, "पार्ट मागवू नका, मी दोन दिवसांत कळवते." एवढंच. कारणं देत बसू नकोस आणि ‘सॉरी’ तर मुळीच म्हणू नकोस. ट्रक तुझा, पैसे तुझे. इथली बहुतेक दुकानं इलेक्ट्रॉनिक पार्ट एकदा गाडीला लावला की परत घेत नाहीत, म्हणून ही घाई.

तू फोनवर जे जे सांगितलंस ते मी कागदावर मांडलं. दार लावलं तरी आतला दिवा जळत राहतो. लॉक आपोआप खटखटतात. डॅशवरचा ‘सिक्युरिटी’चा दिवा अधूनमधून लागतो. एकदा इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत गप्प. दोन दिवस उभी ठेवली की बॅटरी उतरलेली. गॅरेजवाल्याने कोड वाचला आणि सांगितलं, बॉडी कंट्रोल मोड्यूल, म्हणजे बीसीएम, गेलं. तुझ्या २००५ च्या सिल्व्हराडोत ही सगळी खाती खरोखरच बीसीएमकडे असतात, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण कोड म्हणजे निदान नव्हे. तक्रार कुठून आली एवढंच कोड सांगतो.

बीसीएम म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ समज. दार उघडं की बंद, किल्ली फिरली की नाही, दिवे कधी विझवायचे, लॉक कधी लावायचे, सगळे निरोप तिच्याकडे येतात आणि तिच्याकडून जातात. म्हणून घरात काहीही बिनसलं की पहिलं बोट तिच्याकडे. आमच्या कामात मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय. ‘खराब’ म्हणून काढलेलं मोड्यूल टेबलावर जोडलं की नीट चालतं. दोष बाहेर कुठेतरी असतो, आणि नवं मोड्यूल बसवल्यावरही तो तिथेच राहतो. बसवताना बॅटरी काढली, कपलर काढून परत दाबले, म्हणून चार दिवस गाडी शहाण्यासारखी वागते, मग पुन्हा तेच. तोवर बिल भरून झालेलं असतं.

बॅटरीपासून सुरुवात कर. हसू नकोस, या वयाच्या गाडीत कमी व्होल्टेज मिळालं की मोड्यूलं काहीच्या बाही वागतात आणि खोटे कोड टाकतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर लाव. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवेत. स्टार्टर फिरत असताना ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरीची लोड टेस्ट. ती पार्टची दुकानं बऱ्याचदा फुकट करून देतात. टर्मिनल सोडव, खरवडून स्वच्छ कर, घट्ट बसव. आणि एक विचारायचं राहिलं. हा ट्रक घेतल्यापासून कुणी त्याला जंपर केबल उलट्या लावल्या होत्या का? तसं झालं असेल तर मला नक्की सांग, कारण मग मोड्यूल खरंच भाजलेलं असण्याची शक्यता वाढते.

बॅटरीनंतर अर्थिंग. मी सगळ्यात जास्त जोर इथेच देणार आहे, कारण तू मिशिगनमध्ये आहेस. आपल्याकडे कोकणातली खारी हवा पत्रा खाते, इथे रस्त्यावर टाकलेलं मीठ खातं, आणि तेही पूर्ण हिवाळाभर. वीस वर्षांच्या ट्रकखाली वाकून बघ. ड्रायव्हरच्या बाजूला, केबिनच्या खाली फ्रेमला अर्थच्या वायरी बोल्टने आवळलेल्या असतात. त्या जागी गंजाचा पोपडा नसेल तर मला आश्चर्य वाटेल. या पिढीच्या ट्रकांत तिथला अर्थ कुजल्याने एबीएसचे दिवे लागतात हे तर प्रसिद्धच आहे. केबिनच्या आतले अर्थ वेगळे, डॅशखाली. तेही बघायला हवेत.

आता एक बारकावा सांगते, तो बहुतेक लोक चुकवतात. मल्टीमीटर नुसता लावून बारा व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असं नसतं. वायरीतला एकच धागा शाबूत असला तरी मीटरला बारा व्होल्टच दिसतात, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून भार देऊन तपासायचं. नाना पेठेतला वायरमन आठवतो ना तुला, खिशातून आधी टेस्ट लॅम्प काढायचा? तीच पद्धत बरोबर आहे. बीसीएमच्या कपलरमधल्या पॉवरच्या पिनेवर आणि अर्थच्या पिनेवर दिवा लखलखीत लागला पाहिजे. मंद लागला तर मोड्यूल निर्दोष, वायर दोषी. दुसरी पद्धत अशी: हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू करून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मोड्यूलच्या अर्थच्या पिनेला. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. दहा मिनिटांचं काम आहे, आणि हे न करता कुणी बीसीएम बदलायला सांगत असेल तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

तुझ्या आतल्या दिव्याबद्दल आणि खटखटणाऱ्या लॉकबद्दल मला दाराचाच संशय आहे. दार आणि केबिन यांच्या मधल्या रबरी नळीतून वायरींचा जुडगा जातो. वीस वर्षं दार उघडझाप झालं की त्यातल्या वायरी आतल्या आत मोडतात, वरून नळी मात्र धडधाकट दिसते. ती नळी मागे सरकवून एकेक वायर हलकेच ओढून बघ. मोडकी असेल तर रबरासारखी लांबते. शिवाय दार उघडं आहे हे सांगणारा स्विच दाराच्या लॅचमध्येच असतो. तो चिकटला की बीसीएमला वाटतं दार उघडं आहे, मग ते बिचारं दिवा कशाला विझवेल?

आणि तो रिमोट स्टार्टर! आधीच्या मालकाने बसवलेला, तू म्हणालीस. इथल्या थंडीत घरात बसूनच गाडी गरम करायची सोय म्हणून घरोघरी बसवतात. हे यंत्र नेमकं पासलॉकच्या, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या, वायरींना जोडतात, आणि बऱ्याचदा चिमट्यासारख्या त्या निळ्या-लाल क्लिपांनी, ज्या वायरीला टोचून बसतात आणि काही वर्षांत गंजतात. तुझा सिक्युरिटीचा दिवा आणि सुरू होऊन बंद पडणं यामागे हे असेल असं मला फार वाटतं. तो रिमोट स्टार्टर आधी पूर्ण काढून टाक, मूळ वायरी सोल्डर करून घे आणि आठवडाभर गाडी वापरून बघ. ट्रेलरच्या दिव्यांसाठी मागे कुणी वायरी तोडून जोडल्या असतील तर त्याही बघ.

पासलॉक म्हणजे काय ते तुला नीट कळलं पाहिजे, कारण पुढे त्याचंच काम आहे. तुझ्या किल्लीत चिप नाही. किल्ली जिथे घालतेस त्या लॉकच्या घरात एक सेन्सर आहे. किल्लीने लॉक फिरलं की तो बीसीएमला एक ठरावीक खूण देतो. ती जुळली तर बीसीएम इंजिनच्या संगणकाला परवलीचा शब्द पाठवतं आणि इंधन चालू राहतं. नाही जुळली तर इंजिन सुरू होऊन लगेच विझतं. म्हणजे हा दोष तीन ठिकाणी असू शकतो: लॉकमधला सेन्सर, मधली वायर, आणि शेवटी बीसीएम. सेन्सर झिजणं सगळ्यात जास्त घडतं. एक दिलासा देते. एकदा परवलीचा शब्द मिळून नीट सुरू झालेलं इंजिन पासलॉक भर रस्त्यात बंद पाडत नाही. एम-१४ हायवेवर चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर कारण वेगळं शोधायचं, इग्निशन स्विचसकट. पण तोवर रात्री हायवेला जाऊ नकोस. दिव्यांचा भरवसा नसलेली गाडी अंधारात चालवायची नाही, यावर मी काहीही ऐकून घेणार नाही.

पाणीही बघ. पायाखालचा गालिचा हाताने दाबून बघ, ओला लागतो का. समोरच्या काचेच्या कडेतून झिरपलेलं पाणी डॅशखाली उतरतं. मागच्या वरच्या ब्रेक लाइटचं रबर गेलं की केबिनच्या मागच्या बाजूने पाणी आत येतं, या ट्रकांचं ते जुनं दुखणं आहे. कपलरमध्ये हिरवट थर दिसला तर समजायचं. आणि गळती थांबवल्याशिवाय नवं मोड्यूल बसवलं तर तेही कुजणारच.

बॅटरी उतरण्याचा शोध तू स्वतः घेऊ शकतेस. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मधे मीटर लावायचा, अँपिअरवर. बोनेट उघडं, दारं उघडी, पण लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद कर, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. (काम झाल्यावर हँडल ओढून लॅच पुन्हा उघड, नाहीतर दार आपटताना मोडेल.) मग किमान अर्धा तास शांत बस. मोड्यूलं एकेक करून झोपी जातात, घाईने बघितलंस तर आकडा मोठाच दिसेल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं. समज ०.५ अँपिअर दिसले. साठ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि गाडी सुरू न होण्याइतकी त्याच्या बरीच आधी. तुझं गणित साधारण तिथेच बसतंय. मग फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट बघत जा. ज्या फ्यूजवर दिसतील त्या सर्किटमध्ये चोर. फ्यूज उपटत बसू नकोस, परत लावताना मोड्यूल जागं होतं आणि पहिल्यापासून थांबावं लागतं.

एवढं सगळं स्वच्छ निघालं, तरी दोष राहिला, तर मग बीसीएमकडे वळायचं. तेव्हा खरी परीक्षा चांगल्या स्कॅनरने होते. पन्नास डॉलरवाला कोड रीडर इंजिनचे कोड वाचतो, बॉडीकडे तो बघतही नाही. गॅरेजला विचार, "तुमच्या स्कॅनरवर बीसीएम बोलतंय का? बाकीची मोड्यूलं बोलतायत का?" फक्त बीसीएम गप्प असेल, त्याची पॉवर आणि अर्थ भाराखाली ठीक असेल, निरोपाची वायरही सलग असेल, तर मोड्यूल गेलं हे मी मान्य करीन. सगळीच गप्प असतील तर मात्र थांबायचं. या ट्रकात निरोप एकाच वायरीवरून जातात, आणि कुठलंही एक मोड्यूल ती वायर दाबून धरू शकतं. तुला दाखवलेला यू१०६४ हा कोड म्हणजे ‘बीसीएमकडून उत्तर आलं नाही’ अशी दुसऱ्या कुणाची तरी तक्रार. बीसीएम मेलं असा त्याचा अर्थ नाही. एकदा बॅटरी उतरली की असे कोड पडून राहतात. कोड पुसून घे, गाडी वापर, परत येतात का बघ.

आता समज, खरंच बदलायचं ठरलं. मग पार्ट नंबर जुळला पाहिजे, नुसतं ‘२००५ चा सिल्व्हराडो’ एवढं पुरत नाही. पॉवर लॉक, रिमोट, आपोआप लागणारे दिवे, यांवरून मोड्यूल बदलतं. ग्लव्ह बॉक्समध्ये एक स्टिकर आहे, त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड छापलेत. एयू३ असेल तर पॉवर लॉक, एयू० असेल तर रिमोट. तो फोटो आणि जुन्या मोड्यूलवरच्या लेबलचा फोटो, दोन्ही हाताशी ठेव.

पार्ट घ्यायचे रस्ते तीन. नवं किंवा दुरुस्त करून विकलेलं, तुझ्या व्हिनवर प्रोग्रॅम करून पाठवतात ते. भंगारातलं, त्याच नंबरचं. किंवा तुझं जुनं मोड्यूल पोस्टाने पाठवायचं आणि त्यातली सगळी माहिती दुसऱ्यात उतरवून घ्यायची. मला तिसरा आवडतो, जुनं मोड्यूल वाचता येण्याइतकं जिवंत असेल तर. तेवढे दिवस ट्रक उभा राहील, पण गाडीला दुसरं कुणी आलंय हे जवळजवळ कळतच नाही. भंगारातलं स्वस्त मिळतं, पण ते दुसऱ्या ट्रकचा स्वभाव घेऊन येतं. सेटिंग बदलायला शेवटी टेक-२ सारखं स्कॅनर हातात असलेला माणूस लागतोच, आणि त्याचे पैसे वेगळे. म्हणून किंमत विचारताना नेहमी एकत्र विचार: पार्ट, बसवणं, प्रोग्रॅमिंग, आणि पासलॉक शिकवणं, सगळं धरून किती?

बसवायला मोड्यूल काही अवघड जागी नाही. स्टिअरिंगखाली, गुडघ्यांसमोरचं पॅनेल काढलं की दिसतं. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं आणि थोडं थांबायचं. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. मोड्यूल धरण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लाव. हिवाळ्यात इथे कोरड्या हवेने अंगात स्थिर वीज साठते, तुला ती दाराच्या कडीला चटका देते ना, तीच मोड्यूलला मारते. प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज स्थिर ठेवणारा सपोर्ट लावलाय का, हे विचारून घे. साधा जुना चार्जर चालत नाही, आणि मधेच व्होल्टेज पडलं तर नवं मोड्यूलही गारद.

मग पासलॉक शिकवायचं. हे तू स्वतःही करू शकतेस. किल्ली ऑन, स्टार्टर मारायचा, इंजिन सुरू होऊन विझलं की किल्ली ऑनवरच सोडायची. सिक्युरिटीचा दिवा साधारण १० मिनिटांनी विझतो. मग किल्ली बंद करून पाच-दहा सेकंद थांबायचं. असं तीनदा, म्हणजे एकूण अर्धा तास. पुढच्या वेळी गाडी सुरू झाली पाहिजे. तेवढा वेळ बॅटरी टिकायला हवी, म्हणून चार्जर लावून ठेव. रिमोटही पुन्हा शिकवावा लागू शकतो. काट्यावरचे मैल मात्र हलणार नाहीत, या ट्रकात ते मीटरच्या पॅनेलमध्ये साठवलेले असतात. कुणी त्या नावाखाली जास्तीचं काही लावलं तर विचार.

गॅरेजबद्दल दोन शब्द, कारण तुला तिथे अवघडल्यासारखं वाटलं हे मला कळलं. तू सगळं सांगत होतीस आणि तो तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या भाऊजींशी बोलत होता, होय ना? भाऊजींना गाडीतलं ओ की ठो कळत नाही आणि ट्रक चालवतेस तू, नर्सरीची माती आणि रोपं वाहतेस तू. पुढच्या वेळी एकटी जा. मिशिगनमध्ये गाड्या दुरुस्तीचा कायदा १९७४ पासून आहे आणि तो तुझ्या बाजूचा आहे. गॅरेज राज्याकडे नोंदलेलं हवं आणि मेकॅनिकला कामाच्या प्रकारानुसार राज्याचं प्रमाणपत्र हवं. तुझ्या कामासाठी ‘इलेक्ट्रिकल सिस्टिम्स’चं. ते बघायला मागणं यात उद्धटपणा काहीही नाही. अंदाजपत्रक लेखी माग. ठरलेल्या मर्यादेपलीकडे बिल वाढवायचं तर तुझी परवानगी लागते. काढलेला पार्ट परत मागायचा हक्क तुला आहे. बदल्यात जुना द्यावा लागत असेल तर निदान बघायला तरी. आणि निदानाचे पैसे आनंदाने दे. तास-दीड तास नीट शोधणाऱ्या माणसाला दिलेले पैसे हे या सगळ्या प्रकरणातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे असतील.

डीलरशिवाय बाहेरच्या छोट्या गॅरेजलाही ही माहिती आणि सॉफ्टवेअर विकत मिळतं. ते सहज झालेलं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये त्यासाठी कौल दिला आणि २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभर तसं करायचं मान्य केलं. त्यामुळे "हे फक्त डीलरच करू शकतो" असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे विचार. मला स्वतःला इलेक्ट्रिकलचंच काम करणारं छोटं दुकान बरं वाटतं.

आणि ते "विकून टाक आणि टोयोटा घे" म्हणणारे? मंडळाच्या ग्रुपवर सगळेच सांगतात ते. फ्रेमला भोकं पडली असतील तर मीही सांगीन. पण तू म्हणालीस, फ्रेम शाबूत आहे, इंजिन गोड चालतं, गिअर नीट पडतात. अशा ट्रकला एका वायरीपायी मोडीत काढणं मला पटत नाही. नवीन पिकअपच्या हप्त्यात तू नर्सरीला अजून एक पॉलिहाउस उभं करशील.

शनिवारी मी येते. मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, वायर ब्रश आणि सोल्डरिंग गन माझ्याकडे आहे, तू फक्त गुडघ्याखाली घालायला जुनी चटई काढून ठेव. बॅटरी शुक्रवारी रात्री पूर्ण चार्ज करून ठेव. आणि ग्लव्ह बॉक्समधल्या त्या स्टिकरचा फोटो आजच पाठव, सगळी अक्षरं वाचता येतील असा.